नारळावरची कुस्ती

मालिमच्या जेटीवर पहाटे तीनला
बर्फाच्या लाद्या उतरतात.
लादीला मान नसते, मनगट नसतं,
धरायला लंगोटाची गाठ नसते.
पट काढावा तर पायच नाहीत.
तरी रोज साठ-सत्तर कुस्त्या होतात माझ्या,
आणि हरलेला प्रत्येक गडी
ट्रॉलरच्या पोटात उतरून
बांगड्यांखाली पाणी होतो.

कान्हू बेहेरा विचारतो,
तुझा कान असा का, बर्फानं खाल्ला?
मी म्हणतो, होय.
हैबतीचा गुडघा
ओडियात कसा सांगायचा, मला येत नाही.

आमची माती चाळलेली असायची.
नरसू वस्ताद आमच्याआधी तिला खुराक द्यायचे:
ताक, लिंबं, हळद, तेल, चिमूटभर कापूर.
पाय टाकला की ओळखीच्या माणसासारखी
सरकून जागा द्यायची.
दोनशे जोर झाले की तिच्यावर
घामाचा एक पैलवान उमटायचा.
वस्ताद आधी त्याच्याकडे बघायचे.
‘डावा खांदा हलका पडतोय,’ म्हणायचे,
‘तुझा न्हवं रं, ह्याचा.’

आंबोलीचा घाट उतरलो तर
इथंही माती लाल.
वाटलं, चला, सोयरीक जुळली.
मिंगेलिना बायच्या परसात, फणसामागं,
रविवारी हौदा खणायला घेतला
आणि चार बोटांवर कुदळ खणकन वाजली.
चिरा.
घर उभं करायची माती ही,
माणूस पाडायची नव्हे.
बाय दारात आली, हातात मासळीची सुरी:
‘कोणाक पुरतलो रे तूं?’
मलाच, म्हटलं, रोज थोडा थोडा.
ती हसली नाही.
तिचा नवरा बाहरीनहून पेटीतून आलेला.
दुसऱ्या दिवशी फणसाखाली
खोबरेल तेलाची बाटली, अर्धी भरलेली.

फाटक्या जाळ्यातून माती गाळली.
ताक दुकानातल्या पिशवीतलं.
कापराऐवजी अंगालाच
मासळीचा वास.
बैठका मारताना मोजणं चुकतं,
चाळीसनंतर मी नेहमी
त्या शेवटच्या कुस्तीत शिरतो.

पंधरा हजारांवर लागलेली.
हलगी तापलेली, माणसं झाडांवर.
ढाक बसली होती.
हैबतीची पाठ आणि माती यांच्यात
वीतभर उजेड उरला होता,
आणि मी हात ढिला केला.
त्याच्या बहिणीचं लग्न होतं.
किंवा मी दमलो होतो.
किंवा पंचांपैकी कुणीतरी
आदल्या रात्री घरी येऊन गेलं होतं.
तीन कारणं आहेत, बर्फ वाहताना
आलटून पालटून पुरवतो.
वस्ताद बोलले नाहीत काही.
माझ्या खांद्यावरची माती
तळहातानं पुसून घेतली
आणि परत हौद्यात टाकली.

त्याच हैबतीशी पहिली कुस्ती
म्हसोबाच्या जत्रेत, नारळावर.
मी सात वर्षांचा, तो आठ.
मी जिंकलो.
आईनं नारळ फोडला, अर्धी कवड
त्याच्या घरी पाठवली.
तो ती खात खात आमच्या दारात आला,
म्हणाला, ‘उद्या परत.’

काल ज्युवितो आला, बायचा नातू,
फुटबॉलची जर्सी, गुडघे फुटलेले.
‘माका शिकय.’
मी त्याच्या तळहातांना माती लावली, त्यानं माझ्या.
हातात हात दिला.
तो खाली मुंडी घालून माझ्या पायात घुसला,
डाव नाही, काही नाही, नुसता घुसला,
आणि मी पडलो.
मुद्दाम पडलो की खरा,
ते पाठीला ठाऊक.
पाठ बराच वेळ उचलली नाही मी.
फणसाच्या पानांतून सरळ वर
अस्मान दिसत होतं,
इतक्या वर्षांनी.

तेवढ्यात कुंपणापाशी धप्प.
इथं नारळ असेच पडतात,
कुणी न जिंकता.
ज्युवितो पळत गेला,
दोन्ही हातांत धरून आला,
आणि उभा राहिला माझ्या डोक्याशी,
धापा टाकत,
कुणाचा, ते विचारत.