बटणांचं घ्या

मिरकरवाड्याच्या उतारावर, बर्फाच्या कारखान्याला लागून
होडेकरांचं दुकान. दाराशी नायलॉनच्या दोऱ्या, शिशाच्या गोळ्या,
आत काचेखाली चार जीपीएस,
टोपलीतल्या बांगड्यांसारखे एका कुशीवर.

"बोटीला की हाताला?"
हाताला, म्हटलं. मी सड्यावर चालते.
कातळात कोरलेले मासे, हरणं, बिनडोक्याची माणसं शोधते,
सापडली की वहीत लिहिते:
करवंदीच्या जाळीपासून वीस पावलं, मावळतीला.
पुढल्या वर्षी जाळी नसते.
कधी कातळच नसतो, चिरे काढून नेलेले असतात.
आणि पावलंही माझी आता आखूड झालीत.

"मग फोन आहे की."
फोन बाराला तापतो, एकला मरतो,
उन्हात त्याच्या काचेत मला माझंच तोंड दिसतं.
तेवढ्यासाठी चार कोस कोण चालेल?

हसले. एकेक बाहेर काढला.
हा रंगीत, बोटाने सरकणारा.
मी घामेजला अंगठा लावला,
नकाशा रत्नागिरीहून थेट येमेनला गेला.
हा आत बंद बॅटरीचा, देखणा,
पण सड्यावर चार्जिंग कुणाकडे मागू, टिटवीकडे?
हा घड्याळाएवढा. याला चष्म्यावर चष्मा.

"बटणांचं घ्या," ते म्हणाले,
"ओला हात बटणालाच कळतो.
आणि पेन्सिल सेलचं. सेल काय,
लिमलेटच्या गोळ्या मिळतात तिथंही मिळतो."

चौथा जुना होता. पिवळं रबर झिजलेलं, खाचेत मीठ,
पाठीवर नेलपॉलिशने लिहिलेलं: ताजुद्दीन.
अर्ध्या किमतीत.
दारात नेऊन आभाळाखाली धरला.
तो उपग्रह गोळा करत राहिला, दोन, तीन, पाच,
लिलावाला माणसं जमतात तसे, सावकाश, मग एकदम.
"तीन मीटरपर्यंत अचूक," होडेकर म्हणाले,
"म्हणजे पाच धरा.
यंत्र खात्रीनं बोलतं, आपण ऐकायचं हात राखून."

मी यादी उघडली. दोनशे सत्तर खुणा,
तोडक्या रोमन अक्षरांत,
सगळ्या समुद्रात.
खडक मोठा. खडक लहान.
जाळं फाटलं.
कोळंबी ऑक्टोबर.
जाळं फाटलं दोन.
इथे नको.
सलमाचा फोन.

"ते पुसून देतो. तांडेल आपला खडक
सख्ख्या भावाला सांगत नाही."
कुठं असतात हे?
"आहे की जेटीवर. गुडघे गेले, जाळी सांधत बसतो.
पोरगा दोह्याला. थांबा, विचारतो."

फोनवर ते मोठ्यानं बोलले, जणू मधे वारा आहे.
मग मला म्हणाले,
"सगळं पुसा म्हणतो. त्याला पाठ आहे."
आणि सलमाचा फोन?
त्यांनी विचारलं. पलीकडे बराच वेळ
नुसत्या बोटींचा आवाज.
"म्हणतो, तिला विचारून सांगतो."

मी पैसे मोजले. सेल चार घेतले, दोन जादा.
तिचं उत्तर काय आलं, होडेकरांनी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही. यंत्र तेवढं हातात दिलं.

मंगळवारी सड्यावर, वाळल्या गवताखाली
एक मासा सापडला. हातभर लांब, शेपटीपाशी
चिरेखाणीची रेघ येऊन थांबलेली.
खूण केली. यंत्राने नाव मागितलं,
आणि आपणहून आकडा टाकला: दोन.
एक कुठं आहे म्हणून पाहिलं.
सलमाचा फोन.
एकवीस किलोमीटर, पश्चिमेला,
बाण स्थिर.
मी घामाचा अंगठा पदराला पुसला
आणि थोडा वेळ तिकडे तोंड करून उभी राहिले.
चौदा पावलं मागे खाणीचं मशीन सुरू झालं.
माशाचं नाव अजून टाकलेलं नाही.