टाचेखाली

फोर्तालेझाच्या या वाळूला
'भविष्याचा किनारा' म्हणतात.
खारी हवा सहा महिन्यांत पंख्याची पाती खाते.

एरिव्हाल्दो खेकडे उकळत ठेवतो,
टाच रोवून सांगतो:
"इथंच. पहाटे ओढून आणली केबल,
पिवळे फुगे बांधून. मनगटाएवढी.
मीही दोर धरला होता.
साठ रेआल, वर जेवण."

लुआंडाची भांडणं, मायामीचे हिशेब
त्याच्या टाचेखालून जातात,
भरती-ओहोटीला न विचारता.

मुलगी लिस्बनला.
काल पडद्यावर तिचा चेहरा
तोंड उघडं ठेवून थिजला:
"बाबा, मी…"
एवढंच. रिचार्ज संपलेलं.

त्यानं झाकण उचललं, मीठ टाकलं.
मग गिऱ्हाईक बघत नाही असं पाहून
वाकला,
वाळूला कान लावला.