लाल पेन्सिल

एकवीस वर्षं झाली, आमच्या गावाला स्वतःचा धर्मगुरू नाही.
सहा गावांत मिळून एक. तो महिन्यातून एकदा येतो,
बोगदा बंद नसला तर.
उरलेले रविवार माझे.
मी हानुस, मासळीच्या कारखान्यातला मुकादम,
फेरोच्या या वाऱ्यात केस चापून बसवतो,
बूट पुसतो, उभा राहतो
आणि वाचतो.

आजोबांचा ग्रंथ. कातडी बांधणी, पाठीवर मिठाचे डाग.
आत माझ्या लाल पेन्सिलीच्या खुणा.
दारूवर एक; पाउली मागच्या बाकावर बसतो.
आळशांवर दोन.
बायकांनी गप्प बसावं, तिथं जरा फिकट,
कारण ऑर्गनवर मार्युन असते
आणि घरीही मार्युनच असते.
गर्विष्ठांवर जाड रेघ. ती ओढताना डोळ्यांपुढं
चुलतभावाची नवी बोट होती.

हिवाळ्यात उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला.
अक्षरं लोकरीसारखी विस्कटली.
मग बहिणीची बियाता, इयत्ता पाचवी,
शनिवारी संध्याकाळी वाचून दाखवायला यायची,
गालात ज्येष्ठमधाची काळी गोळी.
‘ही पानं मळकी आहेत, मामा,’ म्हणाली,
आणि शेवटाकडून उघडलं,
जिथं दोन पानं चिकटली होती.

चिकटली नव्हती. कापलीच नव्हती.
छापखान्यातून आली तशी, वरची घडी शाबूत.
आजोबांनी नाही, वडिलांनी नाही, मी तर नाहीच.
तीन पिढ्यांचं बोट
त्या घडीवरून घसरून पुढं गेलेलं.

‘कापू?’
ओट्यावर कॉड साफ करायची सुरी होती.
कल्ला उघडताना होतो, तसा कागदाचा आवाज झाला.

ती वाचत गेली, शाळेच्या सुरात, अर्थाकडे न बघता.
मजुरीबद्दल होतं काहीतरी.
अडवून ठेवलेल्या मजुरीला तोंड फुटतं
आणि ते वर ऐकू जातं, असं.
मी म्हटलं, पुरे.
ती म्हणाली, अजून अर्धं पान आहे.

ऑक्टोबरातले सव्वीस जादा तास.
मारिविक, इलोइलोची, तीन नंबरच्या पट्ट्यावर,
बर्फाच्या पाण्यात बोटं पांढरी पडेतो.
दोनदा विचारलं तिनं. दोनदा मी म्हटलं, बघतो.
नियमात बसत नव्हतं असं नाही,
माझ्या आकड्यांत बसत नव्हतं.
आणि रविवारी तिसऱ्या बाकावरून
आमची भाषा अर्धीच कळत असताना
माझ्या प्रत्येक वाक्याला
पूर्ण आमेन तिचाच.

मी काटे काढून मासा खावा तसं वचन खात आलो.
स्वतःच्या ताटातले काढायचे, नीट, उजेडात धरून.
लोकांना वाढताना
काट्यांसकट.

सोमवारी पैसे दिले. पाकिटात, मोजून.
वाटलं, रडेल. निदान आभार मानेल.
तिनं दोनदा मोजले, सही केली,
आणि विचारलं, ‘आणि सप्टेंबरचे?’

सप्टेंबर माझ्या लक्षातही नव्हता.

पुढच्या रविवारी ते पान वाचलं,
एक डोळा झाकून, अक्षर अक्षर पकडत.
छताला टांगलेलं लाकडी जहाज हलत होतं,
दार कुणीतरी नीट लावलं नव्हतं.
आवाज चांगला लागला. पाउलीनं पहिल्यांदाच मान वर केली.
आणि अर्ध्या पानावर, मजुरीच्या त्याच ओळीवर,
मनात आलं:
हे चुलतभावाला बरं लागेल.
त्याच्या खलाशांचे दोन महिने थकलेत.

तिथं थांबलो. लोकांना वाटलं, डोळा.
मार्युननं सूर धरून ठेवला.

बियाता म्हणते, अशी आणखी अकरा पानं आहेत.
सुरी धुऊन ठेवली आहे.
सप्टेंबरचे तास काढतो आहे, चौदा की पंधरा
यावर अडलोय.
पेन्सिल कोटाच्या खिशात होती त्या दिवशी.
आजही आहे. टोक केलेली.