खरवडलेलं कमळ

क्वार्टर गेटमागच्या आमच्या देवळात
(आम्ही देऊळच म्हणतो, चर्च फक्त पत्रिकेवर)
वेदीमागची भिंत साफ करायचं काम माझ्याकडे आलं.
मेणबत्त्यांची नव्वद वर्षांची काजळी,
आणि शेजारच्या बेकरीची.
कापसाचा बोळा, थोडी थुंकी.
हो, थुंकीच. तिच्याइतकं सौम्य काही बाटलीत मिळत नाही.
शुभवर्तमानातल्या त्या आंधळ्यालाही
थुंकीच्याच चिखलानं दिसू लागलं होतं.

हे थिओफिल देठे मास्तरांनी सदतीस साली रंगवलं.
त्याआधी इथे मरिया होती, बोटीनं आलेली,
प्लास्टरची, निळ्या डोळ्यांची, नाकाचा टवका उडालेली.
आषाढात तिला घाम फुटायचा.
चमत्कार नव्हे, दमट हवा.

मास्तर मुंबईला चित्रकला शिकले,
मग महिनाभर अजिंठ्याला राहिले वटवाघळांच्या वासात,
आणि परतले ते वेगळेच.
काळही तसाच होता.
ऑर्गनवर चादर पडली, पेटी पुढे आली,
पाद्रीसाहेब मांडी घालायला शिकत होते,
गुडघे कुरकुरत.
सगळ्यांना एकाएकी आपलंपण आठवलं होतं.
कुणाचं आपलंपण,
एवढं विचारायचं राहून गेलं.

मास्तरांनी ख्रिस्त काढला:
अर्धे मिटलेले डोळे, कमळावर पद्मासन,
खांद्यावर शुभ्र उपरणं, बोटांची मुद्रा.
पाद्रीसाहेब गहिवरले.
शहरातले जाणकार टांग्यातून येऊन बघून गेले.

सगुणाबाई उमाप मात्र
प्रभुभोजनाला बाकावरून उठल्याच नाहीत.
एक रविवार. दुसरा.
तिसऱ्या रविवारी मास्तर भवानी पेठेत त्यांच्या दारी गेले.
बाई जे बोलल्या ते पंचांच्या वहीत
बोरूच्या वळणदार अक्षरात उतरलंय:
"मास्तर, या गड्याला मी ओळखते.
याच्याच दारातून माझ्या सासऱ्याला हाकललं.
ते दार सोडून आम्ही इकडे आलो,
तर तुम्ही तेच दार उचलून इथे आणून बसवलंत.
गोरा होता तेव्हा निदान परका होता."

यावर मास्तर काय म्हणाले, वहीत नाही.
खालची नोंद एवढीच:
शिडीचं भाडं, चुना, रंग. सात रुपये दोन आणे.

आज भिंतीवर तो वाकलेला आहे.
उपरणं खांद्यावरून उतरून कमरेला गुंडाळलंय,
पुढ्यात लोखंडी घमेलं, खडी वाहायचं,
काठाला डांबर.
घमेल्यात एका बाईचे पाय.
चेहरा मास्तरांनी बदलला नाही,
डोळे तेच, अर्धे मिटलेले.
फक्त त्यांना बघायला काहीतरी दिलं.

मंगळवारी घमेल्याच्या तळाशी गुलाबी लागलं.
पाकळ्या. खरवडलेल्या, तरी शाबूत.
समितीतला एक तरुण शिडीखालून म्हणाला,
"मॅडम, मूळ चित्र मोकळं करता येईल?"
मूळ.
कमळाच्याही खाली त्या प्लास्टरच्या मरियेचा खिळा आहे,
खिळ्याखाली चुना, चुन्याखाली
कुणीतरी पाथरवटानं मोजून ठेवलेला दगड,
ज्याला बाप्तिस्मा झालेला नाही.
मी म्हटलं, चहा सांगा.

एक पाकळी घमेल्याच्या काठावर अर्धी राहिलीय.
विसरले, की सोडली?
सात रुपये दोन आण्यांत
तेवढाही रंग उरला नसेल.
मी तिला हात लावला नाही.

संध्याकाळी बाईंच्या टाचांपाशी पोचले.
भेगांतलं काळं काही केल्या निघेना.
बोळा बदलला, पुन्हा बदलला.
शेवटी भिंग लावून पाहिलं:
काजळी नव्हती ती.
मास्तरांनी सर्वांत बारीक कुंचल्यानं
एकेक भेग
भरून ठेवली होती.