खाच

लेबेरेश्ट टेनहागेनला मी एकतीस वर्षं ओळखलं,
तेही कडेकडेनं.
मी चौकटी करणारा. चित्राचं मला आधी कळतं
ते लांबी, मग रुंदी,
मग पैसे कोण देणार.

पहिल्यांदा आला तेव्हा कोटाला धुराचा वास होता.
बाप एम्सकाठच्या दलदलीत काळी माती कापायचा,
विटांसारखी वाळवून सरपण म्हणून विकायचा;
मुलगा ड्युसेलडॉर्फला, अकादमीत, झाडं शिकायला आलेला.
झाडं आली त्याला. ढग तर असे आले
की प्राध्यापक दोन पावलं मागं सरून गप्प उभे राहिले.
माणूस काही आला नाही.
कितीदा पुसला, पुन्हा काढला,
तरी खुंटीवर टांगलेल्या कपड्यांसारखाच.

म्हणून माणसं तो विकत घ्यायचा.
मागच्या गल्लीत ओटोमार श्लिकाऊ राही:
मेंढपाळ दोन थालर, घागरवाली बाई अडीच,
वर एक कुत्रा फुकट.

एल्बरफेल्डच्या गिरणीवाल्यांना इटली हवी असे.
इटली त्यानं पाहिली नव्हती.
दुसऱ्यांच्या टिपणवह्या मागून आणून
जानेवारीत, शेगडीला पाठ लावून,
बोटांवर फुंकर घालत तो नेपल्सचं ऊन काढी,
आणि मी त्याभोवती चार बोटं रुंद सोन्याचा वर्ख चढवी.
कधी चौकटीचं बिल चित्राहून मोठं व्हायचं.
आम्ही दोघं हसायचो. तो जरा उशिरा.

उन्हाळ्यात मात्र बायकोला घेऊन गायब.
गेझिनाही तिकडचीच.
परतताना पाठीवर पुठ्ठ्यांचा गठ्ठा:
दलदल, दलदलीवरचं आभाळ, पुन्हा दलदल.
“याला चौकट?” मी विचारायचो.
“याला गिऱ्हाईक?” तो विचारायचा.

थालर गेले, मार्क आले. आगगाडीत बसून
गिरणीवाले स्वतःच नेपल्स पाहून आले
आणि म्हणाले, समुद्र इतका निळा नसतो हो.
एका हिवाळ्यात माझ्या सात चौकटी रिकाम्या परतल्या.
मी त्यांत आरसे बसवून विकल्या.
त्याला सांगितलं नाही. कळलं असावं;
पुढे दुकानात यायचा तो
आरशांकडे पाठ करून बसायचा.

गेझिना गेली त्या वर्षी त्यानं काहीच मागवलं नाही.

मग मार्चमध्ये तोही. लिलावात चित्रं
चौकटींच्या भावानं गेली,
म्हणजे माझ्याच भावानं.

आठवड्यानं थेक्ला आली, त्याची मुलगी,
शालीखाली पुठ्ठा, दोन वीत लांब.
दलदल. तिन्हीसांज. पाण्याच्या पट्टीत वितळलेलं शिसं.
“साधीच करा,” म्हणाली.

चौकट म्हणजे थोडी चोरीच.
चित्र धरायला आतून खाच पाडावी लागते,
आणि खाच चारी बाजूंनी अर्धं बोट चित्र गिळते.
आजवर कुणी तक्रार केली नाही.
कडेला असतं काय, गवत.

इथं उजव्या कडेला, अगदी खाली, एक बाई होती.
ओटोमारची नव्हे. ओटोमारच्या बाया नाचायला निघाल्यासारख्या.
हिचा एक हात दुसऱ्याहून लांब,
मान नीट बसलेली नाही,
काळ्या विटा रचता रचता थांबून
डाव्या मुठीनं पाठ दाबतेय.
ती मूठ मी ओळखत होतो.
माझ्याच दुकानात, उधारीचा हिशेब ऐकताना,
ती तशी उभी राहायची.

थेक्लाला दिसली होती का, विचारलं नाही.

ओकची पट्टी घेतली. तीन बाजूंना खाच पाडली.
चौथीला नुसते दोन पितळी खिळे,
पुठ्ठा त्यांना टेकतो.
शिकाऊ पोरगा म्हणाला, क्विरिनमालक, एक बाजू राहिली.
थेक्लानं नाणी मोजून ठेवली.
मी पैसे तीनच बाजूंचे घेतले.