एकेचाळीस फेरे

पहाटे साडेतीनला पार्कसाइटच्या उतारावर
लोखंडी चावी खड्ड्यात सोडतो मी.
एकेचाळीस फेरे. मोजावे लागत नाहीत,
मनगटांना पाठ आहेत.
मग खाली कुठेतरी पाणी घसा खाकरतं
आणि वरच्या वस्तीतली पिंपं जागी होतात.

हल्ली पंचविसाव्या फेऱ्याला
कमरेतून डाव्या पोटरीपर्यंत एक तार तापते.
मुकादम बांदिवडेकर म्हणाले, तेल लाव.
तेल लावलं. मग सुया. मग पट्टा.
मग घाटकोपरला त्या मशीनमध्ये सरकवलं मला.
छत्तीस वर्षं पाइपांत गेली,
पाइपच्या आत मी पहिल्यांदाच गेलो.
हातात रबरी फुगा दिला होता: घाबरलात तर दाबा.
दाबला नाही. ठोके ऐकत राहिलो,
रात्री रस्त्याला कान लावून गळती ऐकतो तसा.

जे शोधत होते ते सापडलं नाही.
दुसरंच सापडलं.
माकडहाडाच्या वर, नसेच्या मुळाशी, पाण्याची पिशवी.
दोन पूर्णांक एक सेंटिमीटर.
आवळ्याएवढी, म्हणाली प्रणिता, फुटपट्टी धरून.
छे, करवंदाएवढी, तिची आई म्हणाली,
आणि त्या दिवसापासून आमच्याकडे करवंदाचं लोणचं
कुणी पानात वाढत नाही.

डॉक्टर कुरेशीबाई म्हणाल्या, असते पुष्कळांना,
जन्मभर कळतही नाही.
मग मला का कळली?
फोटो काढला म्हणून.

मी विचारलं, पाणी येतं कुठून?
आत जातं तेवढं परत निघतं का?
मध्ये झडप आहे?
तेव्हा त्यांनी मान वर केली.
काय काम करता तुम्ही?
पाणी सोडतो, महापालिकेत.
त्यांनी केसपेपर उलटा केला, पेन काढलं:
वर मेंदू, खाली लांब नळी, तळाशी एक फुगा.
म्हणजे टाकी डोंगरावर, मी म्हटलं,
आणि ही शेवटची गल्ली.
शेवटच्या गल्लीला प्रेशर नसतं, बाई.
इथे असतं, त्या म्हणाल्या.
तुम्ही उभे राहिलात की सगळा भार तिथेच.

काढता येईल?
येईल. पण तिच्या भिंतीतूनच नसा गेल्यात.

पुढचं मला समजावायला नको होतं.
जुनी बिडाची लाईन जिथे फुगलीय पण गळत नाही,
तिथे आम्ही कुदळ घालत नाही.
रंगाने खूण करतो, वहीत तारीख टाकतो,
आणि येता जाता बघतो.

तरी रात्री झोप नाही.
मेहुण्याने चिपळूणहून काढा धाडला,
केमिस्ट म्हणाला गाठ ती गाठच,
प्रणिता मोबाइलवर वाचायची आणि
मधली वाक्यं गाळायची; मला कळायचं,
कारण तिचा आवाज तिथे उडी मारायचा.

शेवटी व्यायामवाल्या पोरीने एकांशी गाठ घालून दिली.
लोबो, वाकोल्याचे, बेकरीवाले.
मधे भोक असलेली उशी काखेत घेऊनच आले.
पंधरा वर्षं आहे माझी, म्हणाले,
घरजावयासारखी. रुसते, पण जात नाही.
त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याच कागदावर नव्हतं:
संडासात किती वेळ, देवळात कुठल्या मांडीवर,
शिंक आली तर आधी काय धरायचं,
बायकोला किती सांगायचं.
मी चहा विसरलो. दोघेही उभ्यानेच बोलत होतो,
हे बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

आता हाताखाली वैजनाथ दिलाय, लातूरचा.
चावी तो फिरवतो, मी बॅटरी धरतो.
किती फेरे, काका?
एकेचाळीस. पंचविसाव्याला जरा दमाने घे,
तिथे जड जातं.
तो फिरवत राहिला.
सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस.
मग थांबून माझ्याकडे बघितलं त्याने:
काका, इथे तर काहीच जड नाही.