छप्पन्न मिलिमीटर

प्रयोगशाळेतला व्हर्नियर मी डब्याच्या पिशवीतून आणला,
पोळ्यांच्या खाली, पंच्यात गुंडाळून.
उद्या साडेसातच्या आत तो कपाटात हवा,
अकरावी ब गोळीचा व्यास काढणार आहे.

निसार अत्तार हसला.
ताई, ब्रेकला कसलं सोनाराचं माप?
नाना पेठेच्या त्या बोळात ऊन दुपारचं दोनच तास येतं
आणि त्या दोन तासांत
हा माणूस चाळीस वर्षं छर्रे निवडतोय, नुसत्या डोळ्यानं.
तरी म्हटलं, माझ्या समाधानासाठी.
मापात पाप नको.

फोर्कच्या भोकापासून रिमच्या कडेच्या मध्यापर्यंत:
छप्पन्न.
नवं चाक जुन्यापेक्षा नखभर लहान,
त्यामुळे रिम खाली गेली, अंतर वाढलं.
त्यानं काढून ठेवलेला चकचकीत ब्रेक
एकोणपन्नासलाच संपत होता.
रबर टायरला घासलं असतं,
आणि महिना-दोन महिन्यांनी भर रस्त्यात
टायरनं दम सोडला असता.
निसार काही बोलला नाही. चष्मा लावला.
मग पत्र्याच्या डब्यातून,
जुन्या बाजारात बुधवारी घेतलेला,
लांब हातांचा एक जोड काढला.
एका बाजूचा स्प्रिंग मलूल, पण हात पुरत होते.

लोखंडी रिम मी सप्टेंबरमध्येच भंगारात दिली.
वरून क्रोमचा आरसा. कोरडी असताना गुणी.
ओली झाली की रबर तिच्यावरून नुसतं फिरत राहतं,
मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं.
तळजाईच्या उतारावर मी दोन्ही ब्रेक आवळले होते.
पूर्ण आवळले होते. हे मी घरी
प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं.

मनगटात आता पट्टी आहे आणि सात स्क्रू.
उजवी मूठ चहाच्या कपाला पुरते,
लोणच्याच्या बरणीला नाही.
म्हणून म्हटलं, पुढचा ब्रेक डाव्या हाताला द्या.

उलटं होईल, निसार म्हणाला.
होऊ दे.
दुसरं कुणी बसलं तर तोंडावर आपटेल.
बसणार नाही कुणी.
त्यानं पान्हा खाली ठेवला, माझ्या हाताकडे पाहिलं,
मग केबलचं बाहेरचं आवरण दोनदा मोजून कापलं,
या वेळी माझ्याकडून व्हर्नियर मागून घेऊन.
गरज नव्हती. आवरणाला फूटपट्टी चालते.

रबर बसवताना मागच्या टोकाखाली
त्यानं पीएमटीचं जुनं तिकीट दुमडून घातलं,
मधल्या रंगाचं, दीड रुपयाचं.
पुढचं टोक आधी टेकलं पाहिजे, म्हणाला,
दोन्ही एकदम टेकली की ओरडतं.
बोल्ट आवळला, तिकीट ओढून काढलं
आणि परत खिशात ठेवलं. पुढच्या गिऱ्हाइकासाठी.

रविवारी तळजाई. रस्ता कोरडा,
मोरांचे आवाज, चालणाऱ्यांच्या माकडटोप्या.
वरून सोडली. वळणाआधी
डाव्या हाताच्या दोन बोटांनी विचारलं
आणि सायकलनं ऐकलं,
झटक्यात नाही. वरणाचा कढ उतरतो तशी ती उतरली.
उजवा हात हँडलवर नुसता ठेवलेला होता.
मागून चीं असा बारीक आवाज आला, थांबला.
मागच्या रबराखाली तिकीट नीट बसलं नसणार.
ते मी निसारला सांगणार नाही.

ही सायकल आमच्याकडे कायम सगळ्यांची होती:
दळण यशोधनचं, दूध दिराचं,
भाचा क्लासला न विचारता न्यायचा.
काल त्यानं जिन्यातून किल्ली मागितली.
नाही म्हटलं. कारण खरंच होतं.
तरी तोंडात
साखर ठेवल्यासारखं काहीतरी झालं.

सोमवारी व्हर्नियर सात वीसला कपाटात.
दुसऱ्या तासाला एक मुलगी गोळी धरून उभी:
बाई, याच्या जबड्यात काळं काय लागलंय?
ग्रीस, मी म्हटलं.
पुसून घे.
आणि आधी शून्याची चूक बघ, मग माप घे.